नारळ नावाचा चेंडू

मित्रांनो, मी चेंडू आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला पाहून तसं कुणाला वाटत नाही. मी गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये फुगीर, तपकिरी चामड्याचा आणि पाठीवर पांढरी नाडी ओवलेला असा माझा देह आहे. आजवर मला कुणी पपई म्हटलं, कुणी अंडं म्हटलं, आणि सामानाची यादी करायला आलेल्या एका बाबूने माझ्यापुढे ‘उशी, चामडी, लहान’ असं लिहून ठेवलं. मी रागावलो नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

मी अमेरिकन फुटबॉल नावाच्या खेळाचा चेंडू आहे. परभणी जिल्ह्यात गोदातीर विद्यापीठ आहे. त्याच्या मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली आहे आणि त्या खोलीतल्या वरच्या फळीवर मी राहतो. माझं वय अकरा वर्षं. माणसांत हे वय शाळेत जायचं असलं तरी चेंडूंमध्ये मी म्हाताऱ्यांत जमा आहे. माझ्या पोटात हवा टिकत नाही. एका टोकाला चामडं खरवडलेलं आहे आणि तिथल्या शिवणीत लाल रंग बसला आहे, तो कितीही पुसला तरी जात नाही. या खुणांची हकिगत म्हणजेच आमच्या विद्यापीठातल्या या खेळाची हकिगत आहे, म्हणून ती पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म जालंधरचा. तिथल्या कारखान्यात चामड्याचे चार तुकडे उलट्या बाजूने शिवले, मग मला सुलटं केलं, आत रबराचा फुगा घातला, नाडी ओवली आणि हवा भरली. माझ्याबरोबरचे सगळे चेंडू पेट्यांत बसून परदेशी निघाले होते. तपासणीच्या बाईंनी मला हातावर फिरवलं आणि बाजूला टाकलं, कारण माझी एक शिवण जराशी तिरकी होती. तर अशी गंमत. नाव अमेरिकन, आणि अमेरिका काही पाहिली नाही. बाजूला टाकलेल्यांच्या पेटीतून मी दिल्लीला आलो आणि तिथून रेल्वेने थेट परभणीला.

मला मागवलं होतं शिवशंकर सरांनी. सर विद्यापीठाचे क्रीडाशिक्षक. मूळचे कबड्डीपटू, दणकट, आवाज मात्र अगदी हळू. आंतरविद्यापीठ स्पर्धांच्या यादीत या खेळाचं नाव त्यांनी वाचलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. कबड्डीत आणि कुस्तीत मोठमोठी विद्यापीठं आपल्या पुढे आहेत, पण जो खेळ फारसा कुणी खेळत नाही त्यात आपल्या पोरांनाही जागा मिळेल, असं त्यांचं साधं गणित होतं. नियम त्यांनी मोबाइलवर पाहून पाहून शिकून घेतले. आमच्याकडे सात-सात खेळाडूंचा खेळ होतो. नाव फुटबॉल असलं तरी पायाचं काम कमी. चेंडू छातीशी धरून पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, आणि समोरच्यांनी तुम्हाला पाडायचं. सर मुलांना सांगायचे की ही कबड्डीच आहे, फरक इतकाच की इथे दम धरायचा नाही, चेंडू धरायचा.

आता ती लाल खूण. मैदानाच्या उद्घाटनाचा दिवस होता. दिवाळी नुकतीच झाली होती. मैदानाचे सेवक लिंबाजीमामा यांनी पहाटे उठून पांढऱ्या फक्कीने सगळ्या रेषा आखल्या होत्या. टेबलावर ताट मांडलं होतं. त्यात हळदकुंकू, उदबत्त्या, सोललेला नारळ आणि नारळाशेजारी मी. लिंबाजीमामांनी दोघांनाही बोटभर कुंकू लावलं. पाहुणे म्हणून गावचे व्यंकटराव आले होते. सत्तरी ओलांडलेले, तब्येतीने भारदस्त, आणि चष्मा मोटारीत विसरून आलेले. त्यांना नारळ फोडायचा होता. त्यांनी ताटात हात घातला, मला उचललं, डोक्यावर नेलं आणि बळ लावून समोरच्या दगडावर आपटलं.

मित्रांनो, नारळ आपटला की फुटतो. मी फुटलो नाही. माझं एक टोक दगडावर खरवडलं, कुंकू शिवणीत गेलं आणि मी उसळी मारून मांडवावरून, पाहुण्यांच्या खुर्च्यांवरून, तारेच्या कुंपणापलीकडे गेलो. तिथे रायभान यांची मेंढरं चरत होती. रायभान पालमकडचे. दरवर्षी दिवाळीनंतर ते बायको केवळाबाई आणि मुलीला घेऊन कळपासह या बाजूला येत. मी नेमका कळपाच्या मधोमध पडलो. मेंढरं चहूकडे पांगली. त्या गोंधळात एक मुलगी वाकून, अंग चोरून, मेंढरांच्या मधून नागमोडी पळत आली, मला छातीशी धरलं, कुंपणाची तार एका हाताने दाबून उडी मारली आणि थेट सरांपुढे येऊन उभी राहिली. ती रायभान यांची मुलगी शालू. तेव्हा ती अकरावीत होती. माझ्यावरचं कुंकू पाहून तिचा समज व्हायचा तोच झाला.

“सर, तुमचा नारळ,” ती म्हणाली. “फुटला न्हाई.”

मांडवातली सगळी माणसं हसली. व्यंकटरावही हसले. सर मात्र हसले नाहीत, ते तिचे पाय बघत होते. तिला म्हणाले, बारावी झाली की याच विद्यापीठात नाव घाल. तेवढंच बोलणं झालं. पण त्या दिवसापासून माझं नाव नारळ पडलं ते पडलंच.

आपल्याकडे पाहुण्याला निरोप देताना हातात नारळ देतात. त्यावरून कुणाला कामावरून काढलं की त्याच्या हातात नारळ दिला असं म्हणायची पद्धत पडली आहे. सरांना या नावाची भारी मौज वाटायची. ते नव्या खेळाडूंना सांगत की बाहेर हातात नारळ मिळाला तर माणूस रडतो, आपल्या संघात ज्याच्या हातात नारळ मिळेल त्याने पळायचं. मग संघात तशीच भाषा रुळली. चेंडू दे असं कुणी म्हणतच नसे. हातात नारळ दे, असंच म्हणत.

पहिली दोन वर्षं मुलांचा संघ होता. खरं सांगायचं तर तो काळ फार नावाजण्यासारखा नव्हता. सात हेल्मेट होती आणि चौदा डोकी. एकाने काढायचं, दुसऱ्याने घालायचं. आम्ही पहिली स्पर्धा खेळलो तेव्हा एकही गुण न मिळवता परत आलो. दुसऱ्या वर्षी एक सामना जिंकलो, तोही समोरचा संघ वेळेवर न पोहोचल्यामुळे. मग कुणी पोलीस भरतीच्या तयारीला गेलं, कुणी पुण्याला कंपनीत लागलं आणि मुलांचा संघ विरघळला. मी खोलीत पडून राहिलो. हा खेळ परभणीच्या मातीत रुजणार नाही असं लोक उघड म्हणू लागले.

त्याच वर्षी शालूने पहिल्या वर्षात नाव घातलं. सरांनी तिला लगेच ओळखलं, आणि मुलांचा नाद सोडून मुलींचा संघ बांधायला घेतला. ताडकळसची विजयमाला कबड्डीची कर्णधार होती, ती आली. तिच्या मागे आणखी दहा जणी आल्या. केवळाबाईंना मात्र हे पटेना. त्या एकदा मैदानावर आल्या, कमरेवर हात ठेवून बराच वेळ सराव पाहिला आणि सरांना म्हणाल्या की पोरगी नारळ घेऊन पळायलीय अन् बाकीच्या पोरी तिला पाडायल्यात, ह्याला खेळ म्हनतेत का? त्यावर रायभान यांनी शांतपणे उत्तर दिलं की घरीही ती मेंढरामागं पळतीच की, हितं पळाली तर नाव तरी व्हईल.  दुसऱ्या दिवशी शालूच्या डब्यात भाकरीबरोबर दोन उकडलेली अंडी होती. खेळ मान्य झाल्याची ती खूण होती.

शालू पळायची कशी ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. मी तिच्या डाव्या काखेत असायचो, बरगडीला चिकटून, आणि तिच्या छातीची धडधड मला ऐकू यायची. समोर दोघी-तिघी उभ्या असल्या तरी त्यांच्यामधली वाट तिला आधी दिसायची. सरांनी एकदा विचारलं, तुला कसं कळतं कोण कुठे वळणार? ती म्हणाली, “मेंढरू डोळ्यानं फसवतंय, खांद्यानं न्हाई. मी खांद्याकडं बगते.” सरांनी हे वाक्य लगेच डायरीत उतरवून घेतलं.

या डायरीबद्दल सांगायलाच हवं. निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड डायरी होती. सर सामन्याच्या वेळी रेषेबाहेर बसून प्रत्येक चाल तिच्यात लिहीत. कमी शब्दांत लिहीत, आणि आमच्या संघाच्या भाषेत लिहीत. विद्यापीठाने या खेळाचं दुसरं कुठलंही दप्तर ठेवलं नाही. जे काही होतं ते त्या डायरीत होतं आणि माझ्या चामड्यावर होतं.

तीन वर्षं हा संघ खेळला. पहिल्या वर्षी सहावा क्रमांक, दुसऱ्या वर्षी पाचवा. तिसऱ्या वर्षी, टाळेबंदीच्या आधीच्या हिवाळ्यात, पोरी रेल्वेने दीड दिवस प्रवास करून परराज्यात गेल्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यापर्यंत पोहोचल्या. समोरच्या मुली आमच्यापेक्षा वीतभर उंच. दोन्ही बाजूंचे गुण सारखे झाले होते. शेवटचा प्रयत्न होता आणि चार यार्ड उरले होते. समोरच्यांना वाटलं विजयमाला मला लांब फेकणार. तिने हात मागे नेला, तसं दाखवलं, आणि वळून मला शालूच्या हातात दिलं. मग काय झालं ते मला दिसलं नाही, मी काखेत होतो. फक्त तीन धक्के बसले, चौथा बसला तो जमिनीचा, आणि आम्ही रेषेपलीकडे होतो.

त्या संध्याकाळी सरांनी माझ्या अंगावर काळ्या शाईच्या जाड पेनाने ‘नारळ’ असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि त्या शेवटच्या चालीला मैदानात असलेल्या सातही जणींच्या सह्या घेतल्या. शालूची सही सर्वांत शेवटची, कारण ती गुडघा धूत होती. मग सरांनी डायरीचं त्या दिवसाचं पान पूर्ण केलं. मला वाटतं, त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस असावा. माझ्या तर नक्कीच.

पुढे सगळं बंद पडलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मैदानावर गुडघाभर गवत वाढलं. टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी शिवशंकर सर वारले. लिंबाजीमामा खोलीत आले, त्यांनी सरांची शिट्टी खिळ्याला अडकवली, डायरी कपाटात ठेवली आणि बराच वेळ बाकावर बसून राहिले. मामांना सामान आवरताना मोठ्याने बोलायची सवय आहे. मला जगाची जी काही माहिती आहे ती त्यातूनच मिळालेली. सर गेल्याचंही मला तसंच कळलं.

पोरी आपापल्या वाटेला लागल्या. विजयमालाचं लग्न होऊन ती ताडकळसमध्येच राहिली. शालूने शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, पण नोकरी मिळेना, म्हणून ती आईवडिलांबरोबर कळपामागे हिंडू लागली. माझ्यातली हवा हळूहळू गेली. माझ्यावर कबड्डीच्या गाद्या पडल्या. पावसाळ्यात पत्रा गळायचा आणि मी बुरसून जायचो. नव्या मुलांना मी कशाचा आहे हेही माहीत नव्हतं. दार आपोआप मिटू नये यासाठी एकाने मला पायाने ढकलून त्याला अडण म्हणून लावलं. मी दोन वर्षं दाराची अडण होतो, मित्रांनो. दार मात्र चांगलं उघडं राहायचं.

मग गेल्या वर्षी विद्यापीठाने जाहिरात काढली. क्रीडा सहायकाची एक जागा होती. काम असं होतं की बंद पडलेले संघ पुन्हा उभे करायचे. अट अशी होती की उमेदवाराने विद्यापीठाच्या संघाचा आंतरविद्यापीठ स्पर्धेतला शेवटचा सामना प्रत्यक्ष खेळलेला असावा. शालूने अर्ज केला. तिला ही जागा मिळाली तर ती मैदानात येणार होती आणि आमचा खेळ पुन्हा सुरू होणार होता. न मिळाली तर दिवाळीनंतर ती पुन्हा मेंढरांमागे जाणार होती, आणि हा खेळ शिकवायला मोकळं असलेलं दुसरं कुणी जिल्ह्यात नव्हतं.

प्रमाणपत्र मागितलं तेव्हा घोटाळा झाला. ते पालावर पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं असे. पाहुण्यांना दाखवायला केवळाबाईंनी ते कौतुकाने बाहेर काढलं, बाजेवर ठेवलं आणि चहा टाकायला गेल्या. तेवढ्यात शेळीने ते खाल्लं. अर्ध्या शिक्क्याचा एक कोपरा तेवढा उरला. ज्यांनी स्पर्धा भरवली होती त्यांना दोन पत्रं गेली, उत्तर आलं नाही. संघाचा फोटो सापडला, पण त्यात सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, कोण कुठली ते कळेना. शेवटी छाननी समितीने सरांची डायरी मागवली.

समितीचे अध्यक्ष दिनकरराव. माणूस कडक, पण कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. त्यांनी त्या सामन्याचं पान उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं आणि डायरी मिटली. मग शालूला आत बोलावून सांगितलं की शेवटच्या सामन्यात तुम्हाला संघातून कमी केल्याची नोंद आहे, त्यामुळे तुमचा अर्ज बसत नाही. काही लेखी पुरावा असेल तर आठ दिवसांत आणा.

ती तिथून सरळ आमच्या खोलीत आली. लिंबाजीमामा जाळं गुंडाळत होते. ती बाकावर बसली आणि दाराशी पडलेल्या मला तिने पाहिलंही नाही.

“मामा, सरांनी मला काढलं होतं म्हनं,” ती म्हणाली. “तोंडावर कधी बोलले न्हाईत. मी तर शेवटपर्यंत पळाले.”

 ती रडली नाही. नोकरी गेली याचं दुःख तिला होतंच, पण सरांनी आपल्यामागे तसं लिहून ठेवलं हे तिला जास्त लागलं होतं. ज्यांनी तिला मेंढरांतून उचलून मैदानात आणलं, त्यांनीच तिला नको म्हटलं होतं, असं तिला वाटत होतं. थोड्या वेळाने ती उठली आणि पालमच्या बसला गेली. माझ्या जिवाची काय तगमग झाली ते मी सांगू शकत नाही. मी त्या सामन्यात होतो. मी तिच्या काखेत होतो. पण चेंडूला तोंड नाही.

दोन दिवसांनी डायरी परत कपाटात ठेवायला मामांकडे आली. मामांनी ती लगेच ठेवली नाही. बाकावर बसले, चष्मा लावला आणि सरांनी नेमकं काय लिहिलंय ते बघायला शेवटचं पान काढलं. मामा अक्षर जुळवून, मोठ्याने वाचतात. वाचता वाचता ते शेवटच्या ओळीवर आले.

“शेवटी शालूच्या हाती नारळ दिला आणि मोकळे झालो.”

मामांनी ती ओळ एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांनी मान वर केली आणि दाराकडे पाहिलं, जिथे मी धुळीत पडलो होतो.

“आरं द्येवा,” ते मला म्हणाले, “ह्यो तर तू हायस.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या हळुवारपणे उचललं नव्हतं. मामांनी ओल्या फडक्याने मला पुसलं. पंप आणून हवा भरली, ती सूं सूं करत निघून जाऊ लागली तरी भरतच राहिले. बुरशीखाली सरांची शाई पुसट झाली होती, पण पेनाचा दाब चामड्यात उतरला होता. ‘नारळ’ हा शब्द वाचता येत होता. तारीख वाचता येत होती. मामांनी बोट फिरवत सातवी सही शोधली आणि मग ताडकळसला विजयमालाला फोन लावला.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही समितीपुढे गेलो. मी मामांच्या कापडी पिशवीत होतो. विजयमाला नवऱ्याच्या मोटारसायकलवरून आली होती. शालूलाही बोलावलं होतं, पण मामांनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. त्यांना भीती होती की आपली काही चूक झाली असेल तर पोरीला दुसऱ्यांदा लागेल. ती भिंतीशी उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

दिनकररावांनी पुरावा विचारला. मामांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मी किंचित डुललो आणि खरवडलेल्या टोकावर कलंडलो.

“साहेब, सरांनी पोरीला काढलं न्हाई,” मामा म्हणाले. “सरांनी तिच्या हातात ह्यो दिला.”

दिनकररावांना आधी काही उमगलं नाही. मामांनी त्यांना माझ्या अंगावरचा शब्द दाखवला आणि डायरी उघडून तोच शब्द दाखवला. दोन्हीकडचं अक्षर एकच होतं, तसाच ‘ळ’, शेपूट लांब ओढलेला. मग विजयमालाने पान वरून वाचायला सांगितलं. दिनकरराव वाचू लागले. शालूच्या हाती नारळ, सहा यार्ड. शालूच्या हाती नारळ, दोन यार्ड. पुन्हा शालूच्या हाती नारळ, अकरा यार्ड, शाबास. वाचता वाचता त्यांचा आवाज हळू होत गेला. एका सामन्यात एकाच मुलीला नऊ वेळा काढून टाकून दहाव्यांदा कसं काढतील, असं विजयमालाने विचारलं तेव्हा समितीतल्या दुसऱ्या सदस्यांनी तोंडावर रुमाल धरला. दिनकरराव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मी फक्त शेवटची ओळ वाचली होती, आणि कुणीही वाचतो तशीच वाचली.

मी शालूकडे पाहत होतो. तिला आता सगळं कळलं होतं. ती भिंतीपासून पुढे आली, आणि नेमक्या त्याच वेळी विजयमालाने मला टेबलावरून उचललं, वळली आणि मला तिच्या पोटाशी दिलं. शालूचा एक कोपर वर गेला, एक खाली आला आणि मी त्यांच्यामध्ये बसलो. असं कुणी ठरवून करत नाही. ते हातच तसे झालेले असतात. मला पुन्हा ती धडधड ऐकू आली. आता मात्र तिला रडू आलं. सरांनी काढलं नव्हतं, असं ती दोनदा म्हणाली.

दिनकरराव उठून उभे राहिले. त्यांनी तिच्याकडून मला मागून घेतलं, माझ्यावरची सातवी सही पाहिली, तारीख पाहिली आणि दोन्ही हातांनी मला परत तिच्यापुढे धरलं.

“घ्या बाई,” ते म्हणाले. “हा नारळ घरी पाठवण्याचा नाही. कामावर बोलावण्याचा आहे.”

महिन्याभरात तिला नेमणुकीचं पत्र मिळालं. त्याच्या तीन प्रती काढून केवळाबाईंनी तीन वेगवेगळ्या पेट्यांत ठेवल्या आहेत आणि शेळी आता लांब बांधतात.

शालूने पहिल्या आठवड्यात गवत काढून घेतलं, पत्रा दुरुस्त करून घेतला आणि मला वरच्या फळीवर बसवलं. नवे चार चेंडू आले आहेत. ते रबरी आहेत, त्यांना पाऊस लागत नाही आणि त्यांच्यापुढे फुशारकी मारायची माझी सवय अजून गेलेली नाही. या वर्षी सतरा मुलींनी नावं दिली. शालूने पहिल्याच दिवशी निळी डायरी काढली, पहिल्या पानावरच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘नारळ म्हणजे आमचा चेंडू’, आणि खाली सही केली. सरांकडून ही एक ओळ लिहायची राहून गेली होती. घरातल्या माणसांत बोलताना ती कधी लागली नाही, पण घरातली माणसं गेली की कागदावरचे शब्द परक्यांच्या हाती पडतात.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला माझं मागणं थोडंसंच आहे. जुनी वस्तू दिसली तर ती पायाने सरकवण्याआधी एकदा हातात घेऊन पाहा. तिच्यावर काही लिहिलंय का ते बघा. ती कशाची आहे ते माहीत असलेलं एखादं माणूस असेल, तर ते असेपर्यंत त्याला विचारून घ्या. आमच्याकडे लिंबाजीमामा होते. सगळीकडे असतीलच असं नाही.

मी आता खेळत नाही, पण रिकामाही नाही. आता पुन्हा हंगाम सुरू होताना ताट मांडतात. हळदकुंकू, उदबत्त्या, सोललेला नारळ आणि शेजारी मी. व्यंकटराव आता ऐंशीच्या पुढे गेले आहेत आणि यंदाही पाहुणे म्हणून तेच आले होते, चष्मा विसरून. त्यांनी हात पुढे केला, तशी शालू पुढे झाली, मला ताटातून उचलून डाव्या काखेत घेतलं आणि मग त्यांना म्हणाली, “हां आजोबा, आता फोडा.”